गप्प बसायला जमलेल्या बायका

सुरुवात झाली ती दुपारी बराबर सव्वातीन वाजता. पाळकीणबाईंनी पाळकसाहेबांच्या टेबलावरचं घड्याळ उचलून आणलं, ओसरीच्या खिडकीत ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता कोणी बोलायचं नाही."

पुढचं सगळं त्या एका वाक्यानं झालं.

लोक म्हणतात, चार बायका भांडल्या की किस्से होतात. होत असतील. पण चार बायका गप्प बसायला जमल्या की जे किस्से होतात, त्याला तोड नाही! माझ्याकडं इतके साठले आहेत की एक सांगायला घेतला की मागचे तीन पदर ओढतात. तेव्हा जसे आठवतील तसे लिहिते. शाळा माझी सातवीपर्यंत झालेली आहे, त्या मानानं वाचून घ्या.

आम्ही जालन्याच्या मिशन कंपाउंडात राहात होतो. एका अंगाला देऊळ, म्हणजे आमचं चर्च, दुसऱ्या अंगाला दवाखाना, पलीकडं मुलींचं बोर्डिंग, आणि मधे विहीर. आमचे हे शाळेत मास्तर. नाताळाच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आमचा आगमनकाळ. दर वर्षी पहिल्या रविवारी पाळकसाहेब प्रवचनात सांगायचे, "येणारा येतो आहे, तर आतलं घर आवरून ठेवा."

आम्हा बायकांना त्यातलं "घर आवरा" एवढंच ऐकू यायचं. मग चुना, पोतेरं, गोधड्या धुणं, करंज्यांचं पीठ, पोरांचे कपडे. दुसरा आठवडा लागेपर्यंत कंपाउंडात एकमेकींशी बोलणाऱ्या दोन बायका शोधून सापडायच्या नाहीत.

त्या वर्षी पाळकीणबाईंनी ठरवलं की पुरे झालं. रोज दुपारी पाव घंटा सगळ्या जणींनी त्यांच्या ओसरीवर यायचं. प्रार्थना नाही, गाणं नाही, वाचन नाही. नुसतं गप्प बसायचं आणि मनाला शांत होऊ द्यायचं. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून दुपारची वेळ.

बोर्डिंगात स्वयंपाक करणारी सोनाबाई म्हणाली, "नुसतं बसायचं?"

"नुसतं."

"हाताला काम?"

"हाताला काम नाही."

"मंग तोंडाला तरी काही द्या!"

०

ही सोनाबाई आष्टीची. नवरा जाऊन लई वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हात असे की मोठी परात एका हातानं उचलावी, आणि आवाज असा की बोर्डिंगातल्या पोरींना जेवायची घंटा लागतच नसे. ती नुसती "ताटं घ्या गं!" म्हणाली की दवाखान्यातले पेशंटसुद्धा उठून बसायचे.

पहिल्या दिवशी घड्याळ ठेवलं, सगळ्यांनी डोळे मिटले. शांत झालं. खरंच शांत झालं. पाळकीणबाईंच्या तोंडावर जरा हसू आलेलं मी पाहिलं, कारण मी डोळे मिटलेले नव्हते. का, ते पुढं येईलच.

तेवढ्यात सोनाबाईचा आवाज आला, "कोणी बोलून राह्यलं का?"

कोणी उत्तर दिलं नाही.

"न्हाई ना? मंग बराबर चाललंय."

पाळकीणबाईंनी डोळे उघडले. "सोनाबाई, आता कोण बोललं?"

"कोणीच न्हाई बाई! मी तेच तर सांगून राह्यले!"

०

आता माझं. मला त्या वेळी चार महिन्यांचा मुलगा होता, शमुवेल. आम्ही शमू म्हणायचो. त्याच्या आधीची मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. आजार नाही, ताप नाही. दूध पाजून निजवली ती उठली नाही. त्याला काही उत्तर नव्हतं आणि कोणी द्यायचा प्रयत्नही केला नाही, ते बरं केलं.

शमू झाल्यापासून मी झोपत नव्हते. म्हणजे पडत होते, पण त्याच्या नाकाखाली बोट धरून. श्वास लागला की बरं वाटायचं. पुढचा श्वास येईपर्यंत.

अशी बाई पाळकीणबाईंच्या शांततेत आणून बसवली तर काय होणार? ओसरी गप्प झाली की मला वाटायचं, शमू जरा जास्तच गप्प आहे. बोट धरावं तर वारा कोणता आणि श्वास कोणता ते कळेना. मग मी हळूच त्याच्या तळपायाला चिमटा काढायची. तो किंचाळला की माझं मन शांत व्हायचं. बाकीच्यांचं उठून जायचं.

रोज हेच. शेवटी सोनाबाई म्हणाली, "एस्तेर, आपण शांतीसाठी बसून राह्यलो का लेकराचा गळा तपासायला?"

०

पण मी एकटी नव्हते. कंपाउंडरची बायको मार्था आपल्या मुलीचं नाक पुसत बसायची. दुसरी एक जण मांडी हलवत बसायची, मूल झोपलेलं असलं तरी. पाळकीणबाईंनी आठवडाभर बघितलं आणि नियम काढला: "बसायच्या वेळी आपलं मूल आपल्या मांडीवर ठेवायचं नाही. शेजारणीला द्यायचं, शेजारणीचं आपण घ्यायचं."

"कामून?" मार्थानं विचारलं.

"दुसऱ्याचं मूल असलं की आपण ते नुसतं धरतो. आपलं असलं की राखतो."

मुलं बदलली. आणि खरं सांगते, ओसरी निवली. मार्थाची नाक गळणारी मुलगी ज्या मांडीवर गेली तिनं ते नाक एकदाही पुसलं नाही आणि मुलीला काही झालं नाही!

सोनाबाईला द्यायला मूल नव्हतं, म्हणून तिला घ्यायलाही मिळालं नाही. शिवाय खरं कारण म्हणजे तिच्या हातात तान्हं मूल द्यायला कोणी धजत नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या मांडीवर कोणाचं?"

सगळ्या इकडं तिकडं बघायला लागल्या. पाळकीणबाईंनी त्यांची मांजर उचलली आणि सोनाबाईच्या मांडीवर ठेवली. पाय नीट पसरून सोनाबाईनं मांजराला जागा करून दिली.

घड्याळ ठेवलं. थोड्या वेळानं मांजर घुरघुरायला लागली. सोनाबाई खाली वाकून बघते, वर बघते. शेवटी तिला राहवेना.

"बाई, हिनं बोललेलं चालतं का?"

०

मी शमूला दिलं नाही. नियम झाला त्या दिवशी म्हणाले, त्याला सर्दी आहे. दुसऱ्या दिवशी, आत्ताच दूध पाजलंय, ओकेल. नंतर, त्याला नवी माणसं चालत नाहीत. मग, दात येत आहेत. चार महिन्यांच्या मुलाला!

पाळकीणबाई आग्रह करत नव्हत्या. त्या नुसतं "बरं" म्हणायच्या. त्यांचं ते "बरं" मला शिव्यांपेक्षा जड जायचं.

सोनाबाई मात्र रोज मला पायरी चढताना बघून विचारायची, "आज काय हाय त्याला? सर्दी झाली, दात झाले. आता मुंज राह्यली का?"

"आपल्यात मुंज नसते, सोनाबाई."

"मंग तेवढं एक बहाणं कमी झालं तुझं!"

आमच्या ह्यांनी एकदा मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी शमूला तपासलं, पालथा केला, उताणा केला, वजन केलं. म्हणाल्या, "ठणठणीत आहे." आणि कागदावर औषध लिहिलं.

मी म्हणाले, "ठणठणीत आहे तर औषध कोणाला?"

"तुला. झोप येईल."

आता मला झोप आली तर त्याच्याकडं बघणार कोण? मी ते औषध रोज दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ, बिनचूक मागच्या पेरूच्या झाडाला घातलं. झाडाची तब्येत चांगली सुधारली.

०

रहमतबीचा किस्सा कंपाउंडात सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलेला आहे, तरी सांगते.

रहमतबी आमच्या भिंतीपलीकडची. तिचा नवरा टांगा हाकायचा, दवाखान्यात पेशंट आणून सोडायचा. भिंतीला एक खिंडार होतं, त्यातून तिच्या कोंबड्या आमच्याकडं आणि आमची पोरं तिच्याकडं.

आमचं कंपाउंड म्हणजे दिवसभर गलका. एके दुपारी भिंतीपलीकडं रहमतबीनं कान दिला तर आवाज नाही. बायकांचा आवाज नाही, पोरांचा नाही, सोनाबाईचा तर बिलकुल नाही! तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, लेकराला काखेत मारलं, आणि खिंडारातून आली.

ओसरीवर बघते तर सगळ्या बायका माना खाली घालून बसलेल्या. मांडीवर पोरं. कोणी वर बघत नाही. मी एकटीनं वर बघितलं, आणि मला बोलायची बंदी. मी नुसती मान हलवली. तिला वाटलं, मी म्हणते आहे, हो, खरंय.

ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि रडायला लागली. आधी हळू, मग चांगली हुंदके देऊन. एकीला वाटलं, हिच्या घरी काहीतरी झालंय. तिच्याही डोळ्यांना पाणी आलं. तिचं बघून मार्थाच्या. घड्याळात पाव घंटा भरेपर्यंत अर्धी ओसरी रडत होती.

वेळ भरली. पाळकीणबाई उठून जवळ आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. "रहमतबी, का रडता? काय झालं?"

रहमतबीनं डोळे पुसले. "वो बाद में. पैले ये बोलो, गया कौन?"

०

कळल्यावर तिला कोणाचा राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी सव्वातीनच्या आधीच हजर. पाळकीणबाई म्हणाल्या, "हा आमचा आगमनकाळ आहे बरं का. तुमच्या घरी चालेल ना?"

"मेरेकू चुप बैठना है अम्मा. चुप का क्या किरिस्तान, क्या मुसलमान? घर में सास है. उधर मैं चुप बैठी तो पूछती, गुस्सा कायकू है. बोली तो पूछती, इत्ता बोलती कायकू है. इधर कोई नहीं पूछता."

तिचं लेकरू मार्थाच्या मांडीवर गेलं, मार्थाचं तिच्या. मार्थाची मुलगी तिच्याकडं गेली की अशी झोपायची की घरी गेल्यावरही उठायची नाही. मार्थानं विचारलं, "तुम्ही करता काय तिला?"

"कुछ नहीं. मैं सो जाती."

०

पाळकसाहेबांना ही कल्पना फार आवडली होती. पुढच्या रविवारचं प्रवचन त्यांनी शांतीवरच काढलं. आता त्यांची सवय अशी की प्रवचन आधी मोठ्यानं म्हणून बघायचं, आणि खोली ओसरीला लागून.

आम्ही डोळे मिटले आणि आतून आवाज आला, "शांती म्हणजे काय?" भिंत हादरली. "बंधूंनो, मी तुम्हांस पुन्हा विचारतो, शांती म्हणजे काय?"

मांजर सोनाबाईच्या मांडीवरून उठून गेली.

पाळकीणबाई नियमानं बोलू शकत नव्हत्या. त्यांनी उठून दाराची कडी बाहेरून लावली. आतला आवाज थोडा थांबला. मग जोरात, "आणि शांतीचं दार..." मग कडी वाजली. मग बराच वेळ काहीच नाही.

पाव घंटा संपल्यावर दार उघडलं. पाळकसाहेब खुर्चीवर बसलेले, हात मांडीवर. पाळकीणबाई म्हणाल्या, "एवढा वेळ काय केलंत?"

"बसलो होतो."

त्या रविवारी प्रवचन इतकं लहान झालं की लोक उठायचे विसरले. बाहेर आल्यावर दवाखान्याचा म्हातारा चौकीदार म्हणाला, "साहेब, आजपर्यंत असं प्रवचन ऐकलं न्हाई. रोज असंच करत जा!"

०

मिस्साहेब आल्या तो किस्सा. ह्या बोर्डिंगच्या मोठ्या बाई, विलायतेहून आलेल्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळं आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी बायकांचं ऐकलं आणि एक दिवस येऊन जमिनीवर बसल्या, बूट काढून. पाव घंटा बसल्या. मग म्हणाल्या, "भगिनींनो, या मौनात आपणांस काय गवसले, ते एकेकीने कृपया कथन करावे."

मिस्साहेबांनी मार्थाकडं बघितलं.

मार्था म्हणाली, "डाळ भिजत घालायची राह्यली, ते."

"बरे. आणि आपणांस?"

रहमतबी म्हणाली, "मुर्ग्यों का दरबा खुला है मेरा. अब जाऊं क्या?"

मिस्साहेबांनी सोनाबाईकडं बघितलं. सोनाबाई हसायला लागली. "मला माझी किल्ली गवसली! कोठीची. परवापासून घर पालथं घातल्तं, सापडून न्हाई राह्यली. आज गप बसले आन् डोळ्यासमोर आली. पिठाच्या डब्यात!" आणि उठून गेली, आणि खरंच पिठानं भरलेली किल्ली घेऊन आली.

मग मार्थानं विचारलं, "आन् तुम्हाला काय गवसलं, मिस्साहेब?"

मिस्साहेब पुस्तकी मराठी सोडून म्हणाल्या, "माझी आई."

त्या उठल्या, बूट घातले, उलटे घातले, काढून पुन्हा घातले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाच नव्या बायका. बाजारातून दोन, दवाखान्यातल्या पेशंटबरोबरच्या तीन. पाळकीणबाईंना आनंद झाला. शांती बाहेर पोचायला लागली, असं त्यांना वाटलं. त्यांनी एकीला जवळ बसवून विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्या गावात हाय की! हितं पाव घंटा गप बसलं की हरवलेली वस्तू सापडती म्हणे. माझी नथ गेल्ती. अजून किती येळ बसावं लागंल?"

पाळकीणबाईंनी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आले तशी बसते. वाट बघायला काय जातंय." ती नाताळापर्यंत येत राहिली. नथ सापडली का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

०

विहिरीवरचं भांडण तर सांगायलाच पाहिजे.

मार्था आणि सोनाबाई. पाण्याच्या पाळीवरून. मार्थाची घागर आधी लागलेली, सोनाबाईचा हंडा मोठा, आणि बोर्डिंगच्या पोरी जेवायच्या राहिलेल्या. सुरुवात घागरीवरून झाली, मग मार्थाच्या माहेरावर गेली, तिथून आष्टीच्या माणसांना रीत असते का नाही यावर. बाजूला उभ्या असलेल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या, कारण आता भरायची घाई नव्हती.

ऐन रंगात आलं आणि पाळकीणबाईंच्या ओसरीवरून हाक आली, "सव्वातीन!"

दोघी थांबल्या. सोनाबाईनं पदर झटकला, मार्थानं घागर कडेला ठेवली. दोघी ओसरीवर आल्या, जागा नव्हती म्हणून शेजारीच बसल्या. डोळे मिटले. मार्थाची मुलगी रहमतबीकडं. सोनाबाईच्या मांडीवर मांजर. पाव घंटा दोघींचा श्वास एका लयीत चालला होता. मी बघत होते. पाळकीणबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली, बघ, कसं काम करतं, अशी.

वेळ भरली. दोघी उठल्या, बरोबरीनं पायऱ्या उतरल्या, विहिरीशी गेल्या. मार्थानं घागर उचलली, पुन्हा ठेवली.

"कुठवर आल्तं आपलं?"

"तुझ्या आत्यापर्यंत," सोनाबाई म्हणाली.

"हां. तर माझी आत्या..."

०

आता शेवटचा. हा मी लिहिते आहे खरी, पण ह्यातला बराचसा भाग मी बघितलेला नाही. मला मागून सांगितला.

नाताळ दोन-तीन दिवसांवर आला होता. त्या दिवशी मी ओसरीची पायरी चढले तर पायरी जागेवर नव्हती. म्हणजे होती, पण मला एक वर दिसली आणि पाय एक खाली पडला. शमू हातातून सुटला नाही, पण सुटला असता. हे मला कळलं. हे सोनाबाईलाही कळलं, कारण ती समोरच बसली होती.

तिनं त्या दिवशी विचारलं नाही, आज काय आहे त्याला. ती माझ्याकडं बघत पण नव्हती. मांजराचे कान खाजवत होती.

मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. पाळकीणबाई उठल्या, मांजर उचलून घेतली. मी शमूला सोनाबाईच्या मांडीवर ठेवलं.

ओसरीवर अजून सव्वातीन वाजायचे होते, तरी सगळ्या गप्प झाल्या.

मी भिंतीला टेकून बसले, सोनाबाईच्या अगदी जवळ, आणि सवयीनं हात पुढं केला, त्याच्या नाकाशी. सोनाबाईनं माझा हात धरला आणि माझ्याच मांडीवर परत ठेवला. मग तिनं आपलं बोट, ते केवढं तरी जाड, चटका लागून लागून टणक झालेलं, शमूच्या नाकाखाली धरलं. आणि माझ्याकडं बघितलं.

घड्याळ खिडकीत ठेवलं. एवढं मला आठवतं.

पुढचं आठवतं ते असं की ऊन ओसरीवर नव्हतंच. ते समोरच्या भिंतीच्या माथ्यावर गेलं होतं. माझ्या मानेखाली कोणाचं तरी लुगडं घडी करून ठेवलेलं. सगळ्या बायका जिथल्या तिथं. रहमतबी, तिच्या मांडीवर मार्थाची मुलगी. मार्था, तिच्या मांडीवर रहमतबीचं लेकरू. नथवाली बाई. दारात मिस्साहेब उभ्या, बूट हातात घेऊन. त्यांच्या मागं पाळकसाहेब, रिकामी कपबशी धरून, आणि ती वाजू नये म्हणून कपावर दुसरा हात ठेवून.

आणि आवाज नाही. ओसरीवर नव्हताच, पण बाहेरही नाही. त्या वेळी विहिरीवर गर्दी असायची, बोर्डिंगच्या पोरी सुटायच्या, दवाखान्यामागं लाकडं फोडायचं काम चालायचं. काहीच नाही. खिंडाराच्या पलीकडं टांगा उभा होता आणि रहमतबीचा नवरा घोड्याच्या तोंडावर हात ठेवून उभा होता.

मी सोनाबाईकडं बघितलं. ती ताठ बसली होती. तोंड लालबुंद. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ असे घट्ट मिटलेले की पांढरे पडलेले. बोट शमूच्या नाकाखाली होतं तिथंच. शमू झोपलेला होता. छाती वर, छाती खाली.

तिनं अगदी ओठ न हलवता विचारलं, "उठलीस का तू?"

"उठले."

"बराबर उठलीस का? पुन्हा झोपायची न्हाईस ना?"

"नाही."

"मंग घे हे तुझं लेकरू, जल्दी. कवाची खोकला धरून बसले मी!"

शमू माझ्या हातात आला, आणि सोनाबाईनं असा खोकला काढला की देवळावरची कबुतरं एकदम उठली. पाळकसाहेबांची बशी पडली. शमूनं एक डोळा उघडला, तिच्याकडं बघितलं आणि मिटून घेतला.

तिला पाणी दिलं. दम लागला होता. छातीवर हात धरून तिनं मार्थाला ढोसलं.

"पळ की गं! विहिरीवर सांग, उठली म्हणावं, भरा पाणी. आन् तिथल्यांना म्हणावं, तुम्ही पुढं दवाखान्यात सांगा, लाकडंवाले थांबून राह्यलेत बिचारे!"